बुटांवर चढवायचे बर्फाचे काटे: आइसलंडमधल्या हिवाळाभराच्या वापरानंतर

आइसलंडमध्ये नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांना खिळ्यांचे टायर लावायची मुभा असते. जवळपास तेवढाच काळ मी पायांना खिळे लावून फिरलो. माझी जोडी साखळीवाली आहे: बुटाभोवती ताणून बसवायचा रबराचा पट्टा, तळव्याखाली साखळ्या आणि त्यांना साधारण सेंटीमीटरभर लांबीचे स्टीलचे दात. रेक्याविकच्या दुकानात ‘मान्नब्रोद्दार’ मागितले की हा आणि असले बाकीचे प्रकार समोर येतात. ब्रँड सांगत बसत नाही, फरक पडतो तो प्रकारामुळे.

इथे येणारा माणूस थंडीची तयारी करून येतो. पण रेक्याविकचा हिवाळा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. दिवसा पाऊस, रात्री गोठण, सकाळी त्या गोठलेल्या थरावर पुन्हा पाऊस. बर्फावर पाण्याचा पातळ थर आला की भलेभले बूट हात टेकतात. त्यात वारा. हवामान खातं तो मीटर प्रति सेकंदात सांगतं, त्यामुळे २० हा आकडा नवख्याला मामुली वाटतो. तो ताशी ७२ किलोमीटर असतो. असा वारा पाठीला लागला की ओल्या बर्फावर माणूस चालत नाही, ढकलला जातो.

शहरात जोडीने चांगलं काम केलं, पण खरा कस लागला जानेवारीतल्या दक्षिण किनाऱ्याच्या सहलीत. ऑफिसातली काही कुटुंबं, मुलं, एक काका-काकू अशी मिनीबस भरली होती. हवामानाचा इशारा पिवळा होता. पिवळ्यात बऱ्याच सहली निघतात, नारिंगी झाला की बहुधा रद्द होतात. नेणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी ‘चांगले बूट घाला’ एवढंच कळवलं होतं. चांगले बूट म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवलं.

सूर्य उगवायलाच अकरा वाजत आलेले. हेल्लिसहेइदीच्या घाटमाथ्यावर रस्त्याकडेचे पिवळे खांब सोडून काही दिसत नव्हतं. सेल्यालांद्सफॉसला उतरलो तर धबधब्याचे तुषार उडून आजूबाजूची सगळी जमीन काचेसारखी झालेली. धबधब्यामागून जाणारी वाट अर्थातच बंद होती, पण वाहनतळापासून कठड्यापर्यंतचं सपाट अंतरही पुष्कळांना जमेना. मी आरामात पोचलो आणि मग तिथे उभं राहून काय करायचं ते कळेना, कारण मागे सगळे एकमेकांना धरून उभे. काहींकडे तारेच्या गुंडाळीचे स्वस्त काटे होते. दाबलेल्या बर्फावर ते चालतात, ओल्या बर्फावर माझ्या डोळ्यांदेखत घसरले. काही जण नुसत्या बुटांवर. काकू म्हणाल्या, “तू पुढे हो रे, मी इथूनच बघते.” मी परत फिरलो, माझी जोडी त्यांच्या बुटांना चढवली आणि स्वतः बाजूच्या खडबडीत गवतावरून चाललो. गटात एकाच्याच पायात काटे असले तर त्याचा उपयोग फोटोपुरता.

दुसरी अडचण चढवण्या-काढण्याची. बसमध्ये काटे घालून जाता येत नाही. फरशी खराब होते ते एक, आणि गुळगुळीत फरशीवर स्टीलचे दात बर्फापेक्षा जास्त घसरतात. म्हणजे प्रत्येक थांब्यावर हातमोजे काढा, रबर ताणा, बोटं बधिर करून घ्या. वीस मिनिटांच्या थांब्यातला मोठा हिस्सा यातच जातो. टाचेमागे ओढायला मोठा रबरी कान असलेलीच जोडी घ्या, हातमोजे न काढता चढते. माप पायाचं नाही, बुटाच्या बाहेरच्या आकाराचं बघायचं.

स्कोगाफॉस धबधब्यासमोरच्या सपाटीवर काट्यांनी पैसे वसूल केले. रेनिसफ्याराला मात्र त्यांचा संबंध नाही. काळी वाळू, गोटे आणि अचानक आत घुसणाऱ्या लाटा. त्या लाटांनी आजवर अनेक पर्यटकांचा जीव घेतला आहे. तिथे लाटांचा इशारा देणारा दिवा आहे, तो बघायचा. पायात काटे आहेत म्हणून दोन पावलं जास्त पुढे जाणारे आमच्यातही निघाले, चालकाने ओरडून मागे घेतले.

परतताना वीक या गावातच अडकलो. २०१० साली युरोपातली विमानं थांबवणारा तो एयाफ्यातलायोकुत्ल ज्वालामुखी, त्याच्या पायथ्याशी वाऱ्याचे झोत विचित्र येतात आणि तिथला रस्ता बंद केला होता. पेट्रोल पंपावरच्या खाणावळीत तासन् तास काढले. मुलं कंटाळून रडायला लागली, काका शांतपणे सूप पीत होते. रस्ता उघडला तेव्हा चालकाने एकेकाला हात धरून बसमध्ये चढवलं, कारण दार वाऱ्यात उखडायची भीती. रेक्याविकला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली.

आता टिकाऊपणा. मार्चमध्ये डाव्या पायाचं रबर पुढच्या कडीपाशी फाटायला लागलं. त्या सहलीनंतर गोड्या पाण्याने धुतले होते, तरी खाऱ्या वाळूने रिव्हेटांना गंज धरलाच. दात बोथट झाले ते मात्र शहरात. रेक्याविकच्या मध्यवर्ती भागात काही फुटपाथखालून घरं गरम करून परतणारं, तीसेक अंशांचं पाणी फिरवतात, त्यामुळे तिथे बर्फ टिकत नाही. कोरड्या दगडावर साखळीचे काटे घालून चालणं म्हणजे ते कानशीला लावणं. ताजा ओला बर्फ पडला की साखळ्यांत गोळे अडकतात, ते अधूनमधून पाय आपटून झाडावे लागतात.

पुढच्या हिवाळ्यात शहरासाठी टंगस्टनचे छोटे खिळे असलेली रबरी जोडी घेणार आहे, आणि साखळीवाली फक्त सहलींना. शिवाय एक जादा जोडी, मध्यम मापाची. जुनी काकूंनी मागून नेली. डावं रबर फाटलंय, असं दोनदा सांगितलं, तरी नेली.