आयबी की रॉ? नंबर दोनच्या खुर्चीवर डोळा असेल तर

मामेभाऊ सदाशिव पेठेत यूपीएससीचा अभ्यास करतोय, परवा म्हणाला दादा मला आयबीत, म्हणजे देशातल्या गुप्तचर खात्यात, डेप्युटी डायरेक्टर व्हायचंय, म्हणजे चीफच्या खालोखाल. म्हटलं थांब, इथेच घोळ आहे. अमेरिकेत सीआयएचा डेप्युटी डायरेक्टर खरोखरच नंबर दोन असतो, पण आपल्या आयबीत तो साधारण पोलिसांतल्या डीआयजीच्या तोडीचा, त्याच्या वर जॉइंट, मग अॅडिशनल, मग स्पेशल डायरेक्टर आणि शेवटी डायरेक्टर. रॉमध्ये, म्हणजे परदेशातली हेरगिरी बघणाऱ्या संस्थेत, तर अजून गंमत, तिथं डायरेक्टर हाच मधला हुद्दा, कारण नावं सगळी मंत्रालयाच्या थाटातली, टोकाला सेक्रेटरी आणि त्याच्या खाली स्पेशल सेक्रेटरी.

मग कुठं जायचं? आयबी गृहमंत्रालयाखाली, काम देशातलं, दहशतवाद, नक्षल, परकीय हेरांवर नजर, आणि राज्यांच्या पोलिसांशी रोजचा संबंध. त्यामुळे वरच्या खुर्च्या आयपीएसवाल्यांकडेच. तपन डेका स्पेशल डायरेक्टर होते, ऑपरेशन्स बघायचे, २०२२ मध्ये थेट चीफ झाले. रॉ १९६८ मध्ये आयबीतूनच वेगळी निघाली, काम परदेशातलं, कॅबिनेट सचिवालयाखाली. तिथंही आयपीएसचा वरचष्मा आहेच, पण स्वतःचं केडरही आहे, आणि विक्रम सूद तर पोस्टल सर्व्हिसमधून येऊन चीफ झाले! म्हणजे रँक थोडी घसरली तरी रॉचं दार अगदीच बंद नाही, फक्त जाहिरात निघत नाही, तेच तुला हेरणार.

एसीआयओची (असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर) परीक्षा देऊन आयबीत लवकर शिरता येतं, वय १८ ते २७, पगाराची लेव्हल ७, सुरुवातीचं बेसिक ४४,९००. नोकरी म्हणून झकास, पण तिथून स्पेशल डायरेक्टरपर्यंत पोचायचं स्वप्न बघू नकोस.

आणि नशिबाचा भाग दोन्हीकडे सारखाच. चीफला दोन वर्षांची ठरलेली मुदत मिळते, साठी उलटली तरी, नंबर दोनला असं काही कवच नाही. रॉमध्ये सामंत गोयल मुदतवाढ घेत घेत २०१९ ते २०२३ राहिले, तेवढ्या काळात खालच्याची साठी भरली की तो सरळ घरी. आणि बसलास तरी टिकशील असं नाही, रॉचे पहिले चीफ काव गेल्यावर १९७७ मध्ये त्यांचे नंबर दोन शंकरन नायर चीफ झाले आणि काही महिन्यांतच बाहेर पडले.

मला विचारशील तर माणसांत रमणारा, पोलिसी खाक्या आवडणारा असशील तर आयबी, भाषा आणि परदेशातला एकटेपणा झेपत असेल तर रॉ. युनियन नाही, प्रेसशी बोलणं नाही, रिटायर झाल्यावर आठवणी लिहायच्या तरी परवानगी लागते. हे ऐकून भाऊ जरा गप्प झाला, कारण त्याचं इन्स्टा दिवसातून चारदा अपडेट होतं.