पुनर्जनन: निरोप रसायनाचा की विजेचा?

तुटलेला भाग पुन्हा उगवायचा, तर पेशींना निरोप द्यायचा कसा?

एक वाट वाढ-घटकांची. ही प्रथिनं पेशीच्या ग्राहकावर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूवर, बसतात आणि विभाजन सुरू होतं. वाट मळलेली आहे. मधुमेहातल्या पायाच्या जखमांसाठी असं एक जेल अमेरिकेत 1997 मध्ये मान्य झालं. पण प्रथिन ‘वाढ’ एवढंच सांगतं, ‘कुठवर’ ते नाही. बीएमपी-2 हे हाड वाढवणारं प्रथिन वापरल्यावर नको तिथे हाड वाढल्याची उदाहरणं आहेत.

दुसरी वाट विजेची. पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेर दोन आकडी मिलिव्होल्टचा विद्युत फरक असतो. आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे, मार्ग आणि पंप तो राखतात, शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या बारीक खिडक्यांतून तो पसरतो. प्लॅनेरियन हा चपटा किडा घ्या. मधला तुकडा कापून त्या खिडक्या काही काळ बंद ठेवल्या, की काही तुकड्यांना दोन्ही टोकांना डोकं उगवतं! नंतर साध्या पाण्यात तोच किडा पुन्हा कापला, तरी पुन्हा दोन डोकी येतात, आणि जनुकांच्या क्रमाला कुणी हातही लावलेला नसतो. शरीराचा आराखडा विजेच्या नमुन्यातही जपला जातो, हे पाहून मी अजून थक्क होतो. बेडकाच्या पिल्लातही तेच: प्रोटॉन हे आयन पेशीबाहेर टाकणारा पंप अडवला तर जखम भरते, शेपटी मात्र येत नाही.

आजच्या उपचारात रसायनच पुढे आहे. अख्खा अवयव हवा असेल, तर माझा कौल विजेला. अर्थात व्होल्टेज बदललं की कॅल्शियम आत शिरतं आणि शेवटी जनुकंच जागी होतात.