फ्यूजन, मास्टरकॅम की सॉलिडवर्क्स कॅम: मशीन आणि स्टॉक भरताना कुठे काय बदलतं

मशीन कोणतं आणि स्टॉक (ज्यातून जॉब कापायचा तो कच्चा तुकडा) केवढा, हे दोन प्रश्न सीएनसी मशीनसाठी कोड बनवणारी ही तिन्ही कॅम सॉफ्टवेअर सुरुवातीलाच विचारतात. खिडक्या दिसायलाही सारख्याच. निवड करताना मात्र वेगळं पाहायचं असतं: तुम्ही भरलेला आकडा पुढे कोण वापरतं? टूलपाथ (टूल ज्या वाटेने फिरतं ती), फक्त सिम्युलेशन, की फीड-स्पीडचा हिशेब? इथे तिघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मशीन

मास्टरकॅम इथे सगळ्यात कडक. मशीन निवडल्याशिवाय टूलपाथचा टॅबच उघडत नाही. मशीन टाइपमधून मिल, लेथ, राउटर किंवा वायर निवडलं की मशीन ग्रुप तयार होतो. त्यात मशीन डेफिनिशन, कंट्रोल डेफिनिशन आणि पोस्ट (टूलपाथचा मशीनला कळणारा कोड करणारी फाइल) असे तीन भाग एकत्र बांधलेले असतात. नवख्यांची गफलत ठरलेली: ग्रुप बनताना डेफिनिशनची एक प्रत जॉबच्या फाइलमध्ये जाऊन बसते. नंतर मूळ डेफिनिशनमध्ये बदल केला तरी जुन्या फाइलला त्याचा पत्ता नसतो. ग्रुपच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्स पानावर जाऊन डेफिनिशन रिप्लेस करावी लागते. ‘डेफिनिशन दुरुस्त केली, तरी कोड तोच येतोय’ अशी तक्रार आली की आधी हेच पान उघडावं.

फ्यूजनमध्ये याच्या उलट. नव्या सेटअपमध्ये मशीन निवडायची जागा आहे, पण ती रिकामी ठेवूनही प्रोग्राम तयार होतो. मिलिंग, टर्निंग किंवा कटिंग यांतलं एक निवडलं की पुरे. शिकताना बरं वाटतं. पण मशीनच नाही म्हटल्यावर अक्षांच्या प्रवासाची मर्यादा तपासणार कोण? शिवाय पोस्ट शेवटी हाताने निवडावा लागतो. फानुकसाठीचा पोस्ट ड्रिलिंगला जी८१ लिहितो, तर सीमेन्सची स्वतःची भाषा सायकल८१ मागते आणि हायडेनहाइनची मांडणी तर पूर्ण वेगळी. चुकीचा पोस्ट निवडला आणि नशीब चांगलं असेल तर अलार्म येऊन काम थांबतं.

सॉलिडवर्क्स कॅममध्ये मशीन, टूल क्रिब (त्या मशीनवरच्या टूल्सची यादी) आणि पोस्ट एकाच खिडकीत ठरतात. मेट्रिक की इंच, हेही तिथेच. सॉफ्टवेअरला मॉडेलमधली फीचर्स (भोकं, खाचा वगैरे) ओळखायला लावण्याआधीच हे सगळं पक्कं करा.

लेथसाठी निवडत असाल तर लायसन्स आधी पाहा. सॉलिडवर्क्स कॅम स्टँडर्ड अडीच अक्षांच्या मिलिंगपुरतं आहे. टर्निंग आणि ३+२ (दोन अक्ष तिरके लॉक करून उरलेल्या तिनांत कापणं) यांसाठी प्रोफेशनल लागतं. मास्टरकॅममध्ये मिल आणि लेथ वेगवेगळे घ्यावे लागतात. फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक लायसन्समध्ये रॅपिड (न कापता होणारी जलद हालचाल) आणि ऑटोमॅटिक टूल चेंज मिळत नाहीत. रॅपिडच्या जी० च्या जागी फीडने चालणारा जी१ येतो, त्यामुळे सायकल टाइम बघून मशीन मंद आहे असं समजू नका.

स्टॉक

खरी फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश. समजा जॉब १००×६०×२० मि.मी. आहे आणि करवतीवर कापलेला तुकडा १०५×६५×२५. वर १ मि.मी. फेसिंगला (वरची बाजू सपाट करायला), खाली ४ मि.मी. वाइसच्या जॉमध्ये धरायला.

फ्यूजनमध्ये हे दोन प्रकारे भरता येतं. रिलेटिव्ह साइझ बॉक्समध्ये बाजूंना २.५, वर १, खाली ४. फिक्स्ड साइझ बॉक्समध्ये सरळ १०५, ६५, २५ आणि मॉडेल त्यात कुठे बसतं तेवढं सांगायचं. चित्र एकच दिसतं, पण उद्या डिझाइनमध्ये लांबी १०० ची १०४ झाली की रिलेटिव्ह बॉक्स गुपचूप १०९ होतो. रॅकवरचा तुकडा मात्र १०५ चाच. टूल दोन्हीकडे २ मि.मी. हवेत फिरतं, त्याने वेळ जातो एवढंच. घात वेगळाच: बाजूला आता अर्धाच मि.मी. उरलाय आणि तुकडा थोडा तिरका बसला तर एक कोपरा न कापलेला राहतो, हे स्क्रीनवर कळत नाही. तुकडे आधी कापून ठेवलेले असतील तर फिक्स्डच घ्या. रिलेटिव्ह हे अजून मटेरियल मागवायचं असताना बरं.

उंचीची चूक याहून महाग. झेड झीरो (उंची मोजायचा शून्य बिंदू) वाइसमधल्या पॅरलल पट्टीवर, म्हणजे तुकड्याच्या तळाशी घेतलंय आणि तुकडा २५ ऐवजी २७ निघाला, तर वर १ नव्हे, ३ मि.मी. माल आहे. १ मि.मी.चा फेसिंग पास ३ चा होतो. स्टॉकच्या ५ मि.मी. वर ठेवलेल्या रिट्रॅक्ट उंचीतले (टूल उचलून जिथवर नेतात ती) प्रत्यक्षात ३ च उरतात. तुकड्यांच्या जाडीत फरक पडत असेल तर स्टॉक सगळ्यात जाड तुकड्याचा भरा. पातळ तुकड्यावर एक पास हवेत जाईल, जाऊ द्या.

आता हा आकडा वाचतं कोण? फ्यूजनमध्ये ॲडॅप्टिव्ह (जादा माल काढायचा रफिंग) टूलपाथ सेटअपच्या स्टॉकवरूनच निघतो. स्टॉक बदलला की ऑपरेशन जुनं झाल्याची खूण येते आणि ते पुन्हा जनरेट करावं लागतं. मास्टरकॅमच्या मिलमध्ये स्टॉक सेटअप मुख्यतः व्हेरिफाय, म्हणजे सिम्युलेशनसाठी. फेसिंगला चेन (कापायची हद्द दाखवणाऱ्या रेषा) दिली नाही तर ते स्टॉकची हद्द घेतं, पण उरलेला माल ओळखून कापायचा असेल तर रेस्ट मटेरियल चालू करून आधीची ऑपरेशन्स किंवा वेगळं स्टॉक मॉडेल जोडावं लागतं. एक काम वाढतं, पण त्या बदल्यात कुठल्या ऑपरेशनने काय गृहीत धरलं ते उघड दिसतं. मोठ्या प्रोग्राममध्ये हे मला उजवं वाटतं.

जॉब उलटा करून दुसरी बाजू करताना फ्यूजन पुढे आहे. दुसऱ्या सेटअपच्या स्टॉकमध्ये आधीच्या सेटअपमधून घेण्याचा पर्याय निवडायचा. मास्टरकॅममध्ये तेच काम स्टॉक मॉडेल करतं.

धातू कोणता

या एका मुद्द्यावर सॉलिडवर्क्स कॅम वेगळं पडतं. स्टॉक मॅनेजरमध्ये आकारासोबत मटेरियलही निवडायचं असतं आणि त्यावरून टेक्नॉलॉजी डेटाबेसमधले फीड-स्पीड उचलले जातात. १० मि.मी. कार्बाइड एंड मिलला कटिंग स्पीड ॲल्युमिनियमसाठी २५० मीटर प्रति मिनिट धरला तर सुमारे ७,९६० आरपीएम येतात. माइल्ड स्टीलला १२० धरून ३,८२०, स्टेनलेसला ७० धरून २,२३०. स्टेनलेसचा तुकडा बांधलाय आणि मटेरियल ॲल्युमिनियमच राहिलंय, तर धार काही सेकंदांत जळते. धातू बदलून ऑपरेशन प्लॅन पुन्हा जनरेट केला की हाताने बदललेले आकडे मात्र जातात. म्हणून आपले अनुभवाचे आकडे ऑपरेशनमध्ये नव्हे, डेटाबेसमध्ये भरा.

मास्टरकॅममध्ये मटेरियल स्टॉकच्या पानावर नाही, टूल सेटिंग्जमध्ये आहे. फ्यूजनच्या स्टॉक टॅबमध्ये धातूचा प्रश्नच येत नाही. टूल लायब्ररीत प्रत्येक टूलला धातूनुसार प्रीसेट बनवून ठेवावे लागतात.

एकाच प्रकारचे प्लेटचे जॉब वेगवेगळ्या धातूंत करत असाल आणि मॉडेल सॉलिडवर्क्समध्येच बनत असेल तर सॉलिडवर्क्स कॅम. एकेक नमुना, रोज बदलणारं डिझाइन, दोन-तीन बाजूंचं काम असेल तर फ्यूजन. चार-पाच वेगवेगळ्या कंट्रोलरची मशीन्स आणि पोस्टवर पक्का ताबा हवा असेल तर मास्टरकॅम.

ट्रायलमध्ये तिन्हीकडे एकच जॉब घ्या. सगळे टूलपाथ झाल्यावर स्टॉकची जाडी २५ ची २७ करा, मग धातू बदला. कुठली ऑपरेशन्स स्वतःहून हलली आणि कुठली तशीच राहिली, ते लिहून ठेवा.