‘केंद्राची योजना’ म्हणून दारात येणाऱ्यापासून सावध : पुण्यातल्या गृहउद्योगांसाठी

धायरीत आमचा छोटा गृहउद्योग आहे. सासवडकडचं अंजीर आणि सीताफळ आणून वहिनी आणि मी जॅम अन् पल्प करतो. पल्पसाठी दोन डीप फ्रीझर रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे विजेच्या बिलाचा घोर कायमचाच. नेमकं तेच हेरून गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला. “ताई, केंद्राची योजना आहे. वीजबचत यंत्र आणि जीआय नोंदणी एकत्र. सबसिडी वजा जाता फक्त 14,500.” (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, एखाद्या भागाच्या खास मालाला मिळणारी कायदेशीर ओळख.) पैसे यूपीआयने घेतले, तेही एका खासगी खात्यावर. पावतीवर मात्र राजमुद्रा छापलेली!

यंत्र म्हणजे प्लगमध्ये खोचायची पांढरी डबी, वर हिरवा दिवा. बिल जराही कमी होईना, तेव्हा ओळखीच्या वायरमनने ती उघडली. आत एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा छोटा भाग), दिव्याची सर्किट आणि वजन भरावं म्हणून ओतलेलं काळं डांबरासारखं काहीतरी. त्याने समजावलं, की कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते ते प्रमाण, सुधारतो, पण आपल्यासारख्या छोट्या जोडणीचा मीटर वापरलेली युनिटं मोजतो. ती अशा डबीने कमी होत नाहीत. विजेच्या बचतीसाठी सरकारची खरी सोय म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्राच्या संस्थेचं स्टार लेबल. ही संस्था 2002 पासून आहे आणि ती घरोघर यंत्रं विकत फिरत नाही. उपकरणावरचं लेबल खरं की खोटं, हे तिच्या ॲपवर तपासता येतं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण मला खरी चीड आली ती जीआयच्या भागाची. त्याने आम्हाला एक ‘प्रमाणपत्र’ आणि जीआयचं चिन्ह छापलेल्या स्टिकरचा गठ्ठा दिला, “बाटल्यांवर लावा, भाव दुप्पट मिळेल” म्हणाला. पत्ता होता दिल्लीचा. जीआयची नोंदणी कचेरी चेन्नईला आहे. आणि अधिकृत वापरकर्ता, म्हणजे ते मानांकन आपल्या मालावर वापरायची परवानगी असलेला, म्हणून नोंद करायची सरकारी फी 2020 मध्ये 500 वरून 10 रुपयांवर आणली आहे. दहा रुपये! शिवाय पुरंदरच्या (सासवड त्याच तालुक्यात) अंजिराला जे मानांकन आहे ते त्या फळाचं आहे, त्या नावावर कोणत्याही जॅमच्या बाटलीला चिन्ह चिकटवता येत नाही.

ते स्टिकर आम्ही बाजारात नेले असते तर? 1999 च्या जीआय कायद्याप्रमाणे खोटं मानांकन लावणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड आहे. म्हणजे लुबाडणारा नामानिराळा आणि खटला आमच्यावर. वर ज्या शेतकऱ्यांनी खडकाळ माळावर अंजीर जगवलं, त्यांच्याच नावाला आमच्या हातून बट्टा.

पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आम्हाला उशिरा कळलं, तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. स्टिकरचा गठ्ठा आणि डबी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. तुमच्याकडे अशीच डबी कुणी दिली असेल तर फेकू नका, पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक घेऊन तक्रार करा. नऱ्हे, वडगाव भागातही असाच कुणीतरी पापड-लोणचीवाल्यांकडे फिरतोय, असं कानावर आलं आहे.