जीन्स फिकट करणारी लॅकेस पावडर

ब्लीचची टाकी कायमची बंद करता येईल या भरवशावर लॅकेस घेत असाल, तर थांबा. गडद निळ्यावरून मध्यम निळ्यावर यायला ही पावडर उत्तम आहे; पांढुरका 'आइस वॉश' एकट्या लॅकेसने मिळत नाही. स्ट्रेच जीन्स धुणाऱ्यांनी मात्र ती जरूर ठेवावी. हायपोक्लोराइट, म्हणजे नेहमीचं ब्लीच, लायक्राचा ताण घालवते, सुताची ताकद खाते, आणि उरलेला क्लोरीन मारायला पुन्हा बायसल्फाइटचं पाणी द्यावं लागतं. लॅकेस इंडिगो, म्हणजे जीन्सचा निळा रंग, फोडते, सूत आणि लायक्रा शाबूत राहतात.

हे मुळात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं एन्झाइम. धिंगरी अळंबी भाताच्या पेंढ्यावर पोसते, ती लिग्निन (लाकूड-पेंढ्याला कडकपणा देणारा घटक) फोडणाऱ्या अशाच एन्झाइमांच्या जोरावर. पण इंडिगोच्या कणांवर लॅकेस एकटी फार संथ चालते. म्हणून तयार मालात मीडिएटर, म्हणजे एन्झाइम आणि रंग यांच्यातला मध्यस्थ रेणू, मिसळलेलं असतं; 1996 मध्ये बाजारात आलेल्या डेनिलाइट या लॅकेस उत्पादनातही ही जोडी होती. स्वस्त पावडर घेताना मीडिएटर आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिश्रण) आत आहेत का, हे आधी विचारा. नसतील तर शेड हलणारच नाही, आणि दोष कापडाला दिला जाईल.

50 किलो मालाला 400 लिटर पाणी, 60 ते 65 अंश. ॲसेटिक ॲसिडने पीएच 4.5 ते 5 वर आणा, पण माल मशीनमध्ये फिरवल्यानंतर मोजा. कारण डिसाइझिंगचा, म्हणजे कापडाची खळ काढण्याच्या धुलाईचा, सोडा कपड्यात अडकलेला असतो. मग मालाच्या वजनाच्या 1 टक्का, म्हणजे 500 ग्रॅम पावडर, 20 मिनिटं. डोस पुरवठादाराच्या पत्रकाशी ताडून घ्या. शेवटी पाणी काढून सोडा ॲशने पीएच 10 च्या आसपास नेऊन 80 अंशांवर धुवा, नाहीतर रिॲक्शन सुरू राहते आणि पहिला व शेवटचा लॉट जुळत नाही.

फसगत बहुतेक पाण्यात होते. बोअरचं खारं पाणी असेल तर क्लोराइड एन्झाइमला अडवतं. आधीच्या बाथमधलं (धुलाईच्या पाण्यातलं) बायसल्फाइट उरलं असेल तर मीडिएटर तिथेच वाया जातं. मशीन काठोकाठ भरू नका. ही रिॲक्शन हवेतल्या ऑक्सिजनवर चालते. शेड अडली म्हणून पावडर दुप्पट टाकण्यातही अर्थ नाही, आधी पीएच पाहा.

रंगाची एक खोड आहे: ब्लीचसारखा उजळ निळा येत नाही, राखाडी झाक येते. व्हिंटेज लूकला ती हवीच असते. सल्फर बॉटमच्या, म्हणजे इंडिगोखाली आधी काळा सल्फर रंग दिलेल्या, कापडावर मात्र इंडिगो जातो आणि खालचा काळा तसाच राहतो; अशा मालाला ही पावडर वापरूच नका.

पावडर ओतताना मास्क लावा, एन्झाइमची धूळ श्वासात गेली तर दम्यासारखी ॲलर्जी जडते. उघडा डबा पावसाळ्यात ओल धरतो आणि ताकद उतरते, म्हणून लहान पॅक घ्या आणि नवा डबा आला की त्याच कापडाच्या दोन पायांवर आधी चाचणी घ्या.