आठ महिने ऑडिओबुक ॲप वापरून: राण्यांच्या कादंबऱ्या आणि रात्रीची लाईट

आमच्याकडे रावेर तालुक्यात शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते. केळीला ठिबक असलं तरी नळी कुठं निसटली का, हे बघत फिरावंच लागतं. त्या जागरणासाठी वर्षाची वर्गणी भरून हे ॲप घेतलं. आठ महिन्यांत ऐकल्या त्या जवळपास सगळ्या राजघराण्यातल्या बायकांवरच्या कादंबऱ्या.

आधी ॲपबद्दल. शेतात रेंज नसते, त्यामुळे घरूनच डाउनलोड करून निघायचं. वेग सव्वापट ठेवला तर बरं, नाहीतर निवेदिका प्रत्येक वाक्याला उसासा टाकते. एका अपडेटनंतर माझ्या सगळ्या खुणा उडाल्या. तक्रार केली, उत्तर आलं, खुणा काही आल्या नाहीत.

आता कादंबऱ्या. येसूबाईंवरची सर्वांत जमलेली. 1689 मध्ये रायगड पडला, लहान शाहूसह त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि 1719 मध्ये सुटल्या. तीस वर्षं! लेखकानं ती तलवारी न खणखणवता काढली आहेत. छावणी हलली की सामान बांधायचं, कोण बातमी आणतो आणि का आणतो ते ओळखायचं, पोराला कोणासमोर काय बोलायचं ते शिकवायचं. त्या रात्री दोन वेळा मोटर बंद पडली होती, मला पत्ताच नाही.

आनंदीबाईंवरची मात्र अर्ध्यात सोडली. 'ध चा मा' ही आख्यायिका. तिच्यावरच अख्खं पुस्तक उभं. बाई पहिल्या प्रकरणापासून नुसते डोळे बारीक करते.

मुमताज महलवरची आमच्या दारातली म्हणून हौसेनं लावली. 1631 मध्ये ती आमच्या शेजारच्या बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे बादशाही हरणांच्या बागेत, तिचं दफन झालं आणि डिसेंबरात शव आग्र्याला हलवलं. तिची धास्ती छान उतरली आहे: बादशहा जाईल तिथं, पोटुशी असली तरी, मुक्काम हलवायचा. पण अत्तर, जाळ्या, कबुतरं यातच पन्नास मिनिटं जातात, आणि 1630 ते 32 चा दुष्काळ कुठंच नाही! खानदेश, गुजरात, दख्खन उपाशी मरत होतं ते याच वर्षांत. महालातल्या बाईला ते दिसलं नसेल, ऐकू तरी आलं असेल की. एवढी मोठी गोष्ट हाताशी असून लेखकानं खिडकीच उघडली नाही.

एकदा आजीला फोनच्या स्पीकरवर हाच भाग ऐकवला. भरताची वांगी भाजता भाजता ती म्हणे, "चौदा? तिले कोनी इचारलं का?"

पुस्तकात कोणीच विचारत नाही.

वर्गणी पुन्हा भरीन, पण महिन्याची. ताराबाईंवरची लांबलचक एक डाउनलोड करून ठेवली आहे. यावेळी खुणा वहीत लिहितोय.