खानावळीची पाटी: यात्रा वन की पेंटरचा हात?

गुहागरच्या मावसभावाला खानावळीच्या पाटीवर जुन्या वळणाची अक्षरं हवीत. फॉन्ट की पेंटर, यावर तो अडलाय.

यात्रा वन हा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचला. त्याचा बोरूच्या कापासारखा तिरकेपणा मला फार आवडतो. पण तो एकाच जाडीत मिळतो, आणि प्रत्येक ‘र’ हुबेहूब सारखा. पेंटर मजुरी घेतो, दिवस लावतो. मात्र ‘श्री’ची वेलांटी फळीच्या मापाने खेचतो. तो जिवंतपणा फॉन्टात नाही.

टिकण्याचं म्हणाल, तर फॉन्टातली पाटी फ्लेक्सवर छापली, तर खाऱ्या वाऱ्यात तो फाटला की नवाच छापायचा. फणसाच्या फळीवरचा ऑइलपेंट पावसाळ्यानंतर पुन्हा गिरवता येतो.

मेनूकार्ड, कोकमाच्या बाटल्यांची लेबलं वारंवार छापायची, तर यात्रा वन. दारावरची पाटी पेंटरकडूनच.